पैलतीराविषयी विचारणाऱ्यांशी बोलताना

दिवेलागणीच्या वेळी घरातील वडीलधारी व्यक्ती सहज विचारावे तसे विचारते, "मेल्यानंतर पुढे काही असेल का रे?" अशा वेळी आपण काय उत्तर देतो? बहुतेक घरांत 'तिन्हीसांजेला असले अभद्र बोलू नये' असे म्हणून विषय तिथेच संपवला जातो. विचारणाऱ्याचा प्रश्न मात्र संपत नाही. तो प्रश्न एकट्याने उराशी धरून रात्र काढणे त्याच्या नशिबी येते. आपण वयोवृद्धांची शुश्रूषा करीत असाल, अथवा स्वतःच उतारवयात असाल, तर या प्रश्नाकडे आरोग्याचा एक भाग म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

उंबरठ्यावरून परतलेले

2024च्या डिसेंबरात कोल्हापुरात घडलेली एक घटना आपल्या स्मरणात असेल. कसबा बावड्यातील पासष्टीच्या घरातील एका वारकरी गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयात त्यांना मृत घोषित करण्यात आले, असे नातेवाइकांनी सांगितले. पार्थिव घरी आणले जात असताना रुग्णवाहिका गतिरोधकावर आदळली आणि त्यांच्या बोटांची हालचाल घरच्यांच्या ध्यानात आली. त्यांना तातडीने दुसऱ्या रुग्णालयात नेण्यात आले, हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाले आणि सुमारे पंधरवड्याने ते स्वतःच्या पायांनी चालत घरी आले.

पुष्कळांना या घटनेत पांडुरंगाची कृपा दिसली. तसे मानणाऱ्यांशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. मात्र एक तपशील महत्त्वाचा आहे. त्यांनी नंतर सांगितले ते इतकेच, की चहा घेऊन बसलो होतो, चक्कर आली, दम लागला, उलटी झाली. त्यानंतरचे काहीच आठवत नाही. सारे गाव ज्यांच्याकडे परलोकाची वार्ता ऐकायला आतुर होते, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते.

सर्वांचेच असे नसते. नेदरलँड्समधील पिम व्हॅन लोमेल या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या 344 रुग्णांची विचारपूस केली. त्यांचा अभ्यास 2001 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या रुग्णांपैकी 62 जणांना, म्हणजे सुमारे 18 टक्क्यांना, काही अनुभव आठवत होते. कुणाला प्रकाश दिसला, कुणाला दिवंगत आप्त भेटले, कुणी आपलाच देह वरून पाहिला. उरलेल्यांना बावड्याच्या त्या गृहस्थांप्रमाणेच काही आठवत नव्हते.

आपल्या देशातील वृत्तान्त आणखी बोलके आहेत. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेतील मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतील डॉ. इयान स्टीव्हन्सन यांनी 1986 साली अशा 16 भारतीय अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत यमदूत न्यायला येतात, पुढे कुणी वही उघडून पाहतो आणि 'चुकीच्या माणसाला आणले' म्हणून परत धाडले जाते, असे वर्णन वारंवार आढळले. पाश्चात्त्य वृत्तान्तांत हा चित्रगुप्ताच्या कचेरीतला घोटाळा सहसा सापडत नाही. उंबरठ्यावर दिसणाऱ्या दृश्यांना आपल्या संस्कारांचा रंग चढतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मग हा पुरावा मानावा काय? वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मृत्यू ही एका क्षणात आटोपणारी गोष्ट नसून ती एक प्रक्रिया आहे. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. डोळ्यातील पारपटल मात्र सुमारे सहा तास दुसऱ्याला उपयोगी पडण्याजोगे राहते. जे परतले, ते या प्रक्रियेच्या पहिल्या पायऱ्यांवरून परतले. ज्या टप्प्यानंतर परतणे शक्य नसते, तो त्यांनी ओलांडलेला नव्हता. म्हणून त्यांच्या साक्षीवरून परलोक आहे असे सिद्ध होत नाही आणि नाही असेही सिद्ध होत नाही.

हे अनिश्चित उत्तर ऐकून निराश होऊ नये. कठोपनिषदातील नचिकेताने नेमके हेच यमाला विचारले, तेव्हा यमानेही आधी टाळाटाळ केली, धन, दीर्घायुष्य आणि राज्य देऊ केले, पण 'हे विचारू नकोस' असे विनविले. चार्वाकांनी परलोक साफ नाकारला. भगवान बुद्धांनी या स्वरूपाचे काही प्रश्न अनुत्तरितच ठेवले. आपल्या कोल्हापुरात विठ्ठलभक्त वारकरी आणि कर्मकांड न मानणारे सत्यशोधक विचाराचे कुटुंब एकाच गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. दोन्ही घरांतील माणसे म्हातारी होतात आणि दोन्ही घरांतील म्हाताऱ्यांना धीर हवा असतो.

"आई न्यायला आली आहे"

अखेरच्या काही आठवड्यांत रुग्ण अनेकदा सांगतो, "काल रात्री आई येऊन बसली होती." घरची माणसे घाबरतात, कुणी त्याला भ्रम म्हणून गप्प करतो, कुणी दृष्ट काढतो. अमेरिकेतील बफेलो येथील एका शुश्रूषागृहात अंतिम अवस्थेतील 59 रुग्णांशी रोज बोलून 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील 88 टक्के रुग्णांनी असे एखादे तरी स्वप्न वा दर्शन सांगितले आणि दिवंगत आप्त दिसल्याने त्यांना विशेष सांत्वन लाभल्याचे आढळले. रुग्ण शांत असेल, आपल्याला ओळखत असेल, सुसंगत बोलत असेल, तर त्याला खोडून काढू नका. "आई काय म्हणाली?" एवढेच विचारा आणि ऐका.

मात्र एक भेद अवश्य ध्यानी ठेवा. रुग्ण अचानक गोंधळला, दिवसरात्रीचे भान सुटले, तो भेदरून ओरडू लागला, अंगावरील नळ्या ओढू लागला अथवा तासागणिक त्याची शुद्ध कमीजास्त होऊ लागली, तर तो वाताचा झटका असू शकतो. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, लघवी तुंबणे किंवा एखादे औषध ही त्याची नेहमीची कारणे होत. त्यातील बरीच बरी होणारी आहेत. 'आता वेळ जवळ आली' असे समजून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

तसेच 'देवाने आता न्यावे' हे पालुपद आठवडे चालले आणि त्याबरोबर जेवण, झोप व माणसांतले मन उडाले, तर तो उदासीनतेचा आजार असण्याचा संभव आहे. त्यावर म्हातारपणीही उपचार होतात. 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कावळ्याला विचारण्याआधी

पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाच्या सकाळी ठेवलेला नैवेद्य आपण सर्वांनी पाहिला आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडलेले असतात, मंडळी दूर सरून उभी असतात. कावळा शिवेना, की कुजबुज सुरू होते: "धाकट्याच्या लग्नाचे राहिले असेल." मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतो, "आम्ही करू, काळजी करू नका."

कावळा शिवण्यावर आपली श्रद्धा असो वा नसो, त्या क्षणी उच्चारलेले वाक्य खरे असते. गेलेल्याच्या मनात काय राहिले होते, हे जाणून घेण्याची ती धडपड असते. प्रश्न इतकाच, की तोच प्रश्न तो माणूस समोर खाटेवर बसलेला असताना आपण का विचारीत नाही?

'पुढे काही असेल का?' या प्रश्नाच्या पोटात बहुधा तीन साधे प्रश्न दडलेले असतात. मला फार वेदना होतील काय? त्या वेळी जवळ कोण असेल? माझ्यामागे यांचे कसे होईल? परलोकाचे उत्तर आपल्यापाशी नसले, तरी या तिन्हींची उत्तरे आपल्यापाशी आहेत. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारी उपशामक उपचारपद्धती उपलब्ध आहे; आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी स्पष्ट विचारा. अखेरीस यंत्रांवर ठेवावे की नाही, हे सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली या पूर्वसूचनापत्रास मान्यता दिली आणि 2023 साली त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची स्वाक्षरी पुरेशी आहे. निर्णय घेण्यासाठी विश्वासू व्यक्तीचे नावही त्यात लिहावे.

नेत्रदानाची इच्छा असल्यास तीही घरात सांगून ठेवावी. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वा मधुमेह त्याला आड येत नाही. घरच्यांनी पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके किंचित उंच ठेवावे आणि विनाविलंब नेत्रपेढीला कळवावे.

म्हणून आज संध्याकाळी जर कुणी हा प्रश्न विचारला, तर हातातले काम बाजूला ठेवून जवळ बसा. "मलाही ठाऊक नाही, तुम्हाला काय वाटते?" असे म्हणा. आपल्याकडून त्यांना नुसते उत्तर नको असते, सोबत हवी असते. त्यांचे बोलून झाल्यावर पुढचा प्रश्न आपण विचारा, "तुमच्या मनात काही राहिले आहे का?" आणि जे सांगतील, ते शक्य तितके त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे करा.