ताशी दोन डॉलर तेरा सेंट

टेक्सासमधल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये जेवण झाले की बिलाखाली टिपसाठी एक रिकामी ओळ असते. अमेरिकेत नव्याने शिकायला गेलेली मराठी मुले किंवा मुलीकडे सहा महिने राहायला गेलेले आई-वडील त्या ओळीपाशी हमखास अडखळतात. पंधरा टक्के, अठरा की वीस? खूश होऊन द्यायच्या पैशांचा दर असा ठरलेला का? उत्तर अमेरिकेच्या कामगार कायद्यात आहे. समोरच्या वेटरला मालकाने तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले, तरी तिथे कायदा मोडत नाही. पगारातला उरलेला भाग गिऱ्हाईक भरेल, असे कायद्यानेच धरले आहे.

अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७ डॉलर २५ सेंटांवर थांबले आहे. ज्या कामगाराला महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप नेहमी मिळते, त्याच्यासाठी मात्र हिशेब वेगळा होतो. त्या ७.२५ डॉलरपैकी ५.१२ डॉलर टिपमधून आले असे मालकाला दाखवता येते. याला म्हणतात टिप क्रेडिट. आठवड्याचे ४० तास भरले तर मालकाच्या खिशातून जातात जेमतेम ८५ डॉलर २० सेंट. टिपवरचा करही याच रकमेतून कापला जात असल्याने अनेकांच्या हाती येणारा पगाराचा चेक नावापुरताच उरतो.

टिप कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यावा, असे कायदा सांगतो. कागदावर ही तरतूद चोख दिसते. पण हिशेब तासाचा नसून आठवड्याचा असतो. शनिवारी रात्री भरभरून मिळालेली टिप मंगळवारच्या रिकाम्या दुपारची तूट भरून काढते आणि मालकाला काहीच द्यावे लागत नाही. आठवडाच कोरडा गेला, तर फरक मागायचा कुणाकडे? शनिवारची पाळी कुणाला द्यायची हे जो ठरवतो, त्याच्याचकडे. म्हणून अनेक जण मागतच नाहीत.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत पोर्टर म्हणून नेमले. पगार तुटपुंजा, भिस्त प्रवाशांच्या टिपवर. या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. त्या काळात टिपला विरोधही कडवा होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपबंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला. पण १९२६ पर्यंत हे सारे कायदे मोडीत निघाले.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३८ मध्ये ताशी २५ सेंटांचे पहिले कायमस्वरूपी केंद्रीय किमान वेतन आणले, तेव्हा हॉटेल आणि रेस्टॉरंटमधले बहुतेक कामगार बाहेरच राहिले. १९६६ मध्ये ते कायद्याच्या कक्षेत आले, पण अर्ध्या किमान वेतनापर्यंतची रक्कम टिपमधून धरण्याची मुभा मालकांना देऊनच. एप्रिल १९९१ मध्ये किमान वेतन सव्वाचार डॉलर झाले आणि त्याचे निम्मे म्हणून २.१३ हा आकडा आला. १९९६ मध्ये संसदेने ही निम्म्याची साखळी तोडली. तेव्हापासून सर्वसाधारण किमान वेतन वाढत गेले, वेटरचा दर गोठलेला राहिला. भारतात उदारीकरण सुरू झाले त्या वर्षीचा हा आकडा टेक्सास आणि जॉर्जियात आजही चालतो.

राज्यांना यापेक्षा चांगला कायदा करता येतो. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिटच नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १६ डॉलर ६६ सेंट होते, वेटरलाही आणि भांडी घासणाऱ्यालाही. टिप मिळाली तर ती वर. तिथेही रेस्टॉरंटे चालतात आणि लोक टिप देतात.

तरीही वाद एकतर्फी नाही. मेन राज्यात २०१६ मध्ये मतदारांनी टिप क्रेडिट टप्प्याटप्प्याने संपवायचा कौल दिला, तेव्हा तो फिरवा म्हणून खुद्द अनेक वेटरच पुढे आले. जेवणाचे दर वाढले की लोक टिप देताना हात आखडता घेतील, ही त्यांची भीती. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने जुनी पद्धत परत आणली. न्यूयॉर्कचे नामवंत रेस्टॉरंट मालक डॅनी मेयर यांनी २०१५ पासून टिप बंद करून दर वाढवले, पण २०२० मध्ये त्यांनीही माघार घेतली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये लोकांनी २०१८ आणि २०२२ मध्ये, दोनदा पूर्ण वेतनाच्या बाजूने मत दिले. पहिला कौल नगर परिषदेने रद्द केला. दुसऱ्याची अंमलबजावणी २०२५ मध्ये सौम्य करून लांबवली. महागड्या हॉटेलातल्या वेटरची भीती खरी असेल. पण कायद्याचे किमान वेतन असते ते हायवेवरच्या साध्या खानावळीत सकाळची कॉफी ओतणाऱ्या बाईसाठी, आणि तिच्या टेबलावरची टिप लहानच असते.

जुलै २०२५ च्या कायद्याने टिपवर प्राप्तिकरात वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंत सूट दिली, २०२८ पर्यंत. ऐकायला गोड वाटते. पण ज्यांचे उत्पन्न इतके कमी आहे की प्राप्तिकर लागतच नाही, त्यांना यातून काही मिळत नाही. २.१३ ला तर या कायद्याने हातच लावला नाही.

टिप पगारात धरायची का, हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ मध्येच आला होता. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या प्रकरणात कामगारांची टिप त्यांच्या वेतनात धरावी, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. टिप गिऱ्हाईक देते. मालकाने द्यायच्या पगाराची ती भरपाई होऊ शकत नाही. भारतातल्या हॉटेल कामगारांचे हाल वेगळ्या कारणांनी होतात, पण हे तत्त्व इथे स्पष्ट आहे.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये किमान वेतन १५ डॉलर करणारे आणि टिपवाल्यांचा वेगळा दर संपवणारे विधेयक मंजूर केले. सिनेटने ते चर्चेलाच घेतले नाही. मार्च २०२१ मध्ये १५ डॉलरचा प्रस्ताव पुन्हा आला आणि सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला. २.१३ चा दर बदलेपर्यंत टेक्सासमधल्या वेटरचे घरभाडे गिऱ्हाइकांच्या मर्जीवर अवलंबून राहणार आहे, आणि त्याचा दोष टेबलावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा नाही, कायदा करणाऱ्यांचा आहे.