परक्या गावचा शिक्का

तिकिटं फोर्टातल्या विक्रेत्याकडे मिळतात, ऑनलाइन मिळतात, मित्राशी अदलाबदल करूनही मिळतात. शिक्का मात्र ज्या गावचा, त्याच गावच्या पोस्टात उमटतो. टपालाचं वेड असलेल्या माणसानं परदेशात पोस्टाची पायरी का चढावी, याला माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

शिक्क्याचं मोल कळायला सिंगापूरचं उदाहरण पाहा. 1854 ते 1867 या काळात तिथे हिंदुस्थानी टपालखात्याचीच तिकिटं चालत. तीच व्हिक्टोरिया राणी, तेच आणे. तिकीट कलकत्त्यात वापरलं की सिंगापुरात, हे कळतं केवळ शिक्क्यावरून. ठिपक्यांच्या चौकटीत ‘बी 172’ दिसलं तर सिंगापूर, ‘बी 147’ दिसलं तर पेनांग. आखातातही तेच. मस्कतला 1864 मध्ये आणि दुबईला 1909 मध्ये हिंदुस्थानी पोस्ट उघडलं, आणि दुबईचं तर 1947 पर्यंत चाललं. आज दुबईत नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी माणसाला हे क्वचितच ठाऊक असतं. त्याच्या आजोबांनी पुण्यात जी तिकिटं लावली, तीच त्या काळी दुबईच्या खाडीकाठच्या व्यापाऱ्यांच्या पत्रांवर लागत होती.

जपानमध्ये मात्र शिक्क्याची हौस खुद्द टपालखात्यालाच आहे. तिथे हजारो पोस्टांत रोजच्या काळ्या शिक्क्याखेरीज ‘फुकेई-इन’ नावाचा एक चित्रमय शिक्का असतो. शाई लालसर तपकिरी, आणि आत त्या गावाचं जे काही नाव घेण्याजोगं असेल ते : देऊळ, पूल, डोंगर, मासा, फूल. 1931 साली फुजी पर्वतावर ही प्रथा सुरू झाली. वेगळी फी नाही; फक्त निदान पोस्टकार्डाच्या दराइतकं तिकीट लावलेलं हवं. ऑक्टोबर 2024 मध्ये तो दर 85 येन झाला. कार्ड लगेच पाठवायलाच हवं असं नाही, शिक्का मारून ते हातात परत मिळतं. म्हणून पुष्कळ हौशी लोक वहीच वापरतात : पानावर तिकीट चिकटवायचं, गावोगावी वही पुढे करायची.

काउंटरवर काय घडतं ते सावकाश बघण्यासारखं असतं. ‘फुकेई-इन ओनेगाइशिमास’ एवढं म्हटलं तरी काम होतं. कर्मचारी डबीतून शिक्का काढतो, तारीख पाहतो, आधी रद्दी कागदावर उठवून बघतो. मग विचारतो, नेमका कुठे? अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर, असं बोटानं दाखवायचं. तो शिक्का टेकवतो, दोन्ही हातांनी कडांवर सारखा दाब देतो आणि सरळ वर उचलतो. ओली शाई पलीकडे उमटू नये म्हणून वर कोऱ्या कागदाचा तुकडा ठेवून कार्ड दोन्ही हातांनी परत देतो. तारखेतलं वर्ष आपल्या ओळखीचं नसतं. सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे 2025 हे सातवं वर्ष, म्हणून सुरुवातीला नुसता 7. मागे रांग असली तरी कुणी घाई करत नाही. मिनिटभराच्या या कामाला तिथे काम म्हणूनच मान आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

टोकियोत दोन ठिकाणं चुकवू नयेत. एक निहोनबाशीचं पोस्ट. 1871 मध्ये आधुनिक जपानी टपाल जिथे सुरू झालं ती ही जागा. टपालाचे जनक माएजिमा हिसोका यांचा अर्धपुतळा तिथे आहे. एक येनच्या तिकिटावरचा चेहरा तोच. दुसरं टोकियो स्टेशनसमोरचं मध्यवर्ती पोस्ट. तेत्सुरो योशिदा यांनी उभारलेल्या 1931 च्या इमारतीचा दर्शनी भाग राखून मागे मनोरा चढवला आहे, आणि पोस्ट आजही तळमजल्यावर चालू आहे. लहान पोस्टं शनिवार-रविवार बंद असतात, तेव्हा सहल आखतानाच वार बघावेत.

इमारतींसाठीच जायचं तर साऱ्या जगात पोस्टं आहेत. हो ची मिन्ह शहरातलं, म्हणजे जुन्या सायगावचं पोस्ट 1886 ते 1891 या काळात बांधलं. गाइड लोक ते आयफेलच्या नावावर खपवतात; वास्तुरचनाकार होते फूलू. आत भिंतींवर रंगवलेले दोन भलेमोठे नकाशे आहेत, त्यातला एक 1892 च्या तारायंत्राच्या वाटांचा. त्याच्याखाली उभं राहून कार्ड लिहावं. मेक्सिको सिटीचं पोस्ट 1907 चं, अदामो बोआरी यांचं. तिथल्या जिन्यांचं लोखंडाचं आणि काशाचं काम फ्लॉरेन्सहून आलं. सिंगापूरच्या 1928 च्या जीपीओचं मात्र पंचतारांकित हॉटेल झालं आहे. आपल्या मुंबईचं जॉन बेग यांचं 1913 चं जीपीओ या कुठल्याही पोस्टाच्या पंगतीत बसेल, आणि त्या घुमटाखाली अजून तिकिटं विकली जातात.

व्हॅटिकनमध्ये एक पथ्य पाळावं. तिथलं तिकीट फक्त व्हॅटिकनच्याच पेटीत चालतं. रस्ता ओलांडून रोमच्या पेटीत कार्ड टाकलं तर ते तिकीट वाया. रोमच्या दुकानांत खासगी टपाल कंपन्यांचीही तिकिटं विकतात, त्यांच्या पेट्या आणखी वेगळ्या. तिकीट पोस्टातच घ्यावं, हे उत्तम.

गॅलापागोस बेटांतल्या फ्लोरिआनावर तर पोस्टही नाही, शिक्काही नाही. देवमाशांच्या शिकारी जहाजांनी अठराव्या शतकाअखेरीस तिथे एक पिंप ठेवलं. आलेल्यानं आपलं पत्र टाकायचं, आणि आपल्या गावाकडची पत्रं सापडली तर ती घेऊन जाऊन स्वतः पोचवायची. पर्यटक आजही ही रीत पाळतात. ठाण्या-नाशिकचा पत्ता तिथे सापडणं दुर्मीळ. सापडला तर बेल वाजवून हातात द्यायचं काम आपलं.

हे सगळं लवकर करून घ्यावं असं मी कळकळीनं सांगतो. डेन्मार्कमध्ये 1624 पासून चालत आलेलं सरकारी पत्रवाटप 30 डिसेंबर 2025 रोजी थांबलं. रस्त्यांवरच्या लाल पेट्या उचलल्या गेल्या. तिथे आता पत्रं खासगी कंपनी पोचवते. आपल्याकडेही 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं.

जाताना घरच्यांचे पत्ते सोबत ठेवा आणि ते खुशाल मराठीत लिहा. परदेशी टपालखात्याला फक्त देश कळावा लागतो, म्हणून शेवटच्या ओळीत देशाचं नाव रोमन लिपीत, ठळक अक्षरांत. त्याच्या वर पिनकोड, इंग्रजी आकड्यांत. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. टपालखात्यातले अधिकारी, संस्कृतचे कवी आणि आपल्या कोकणचे. पिनकोड बरोबर असला की वरचा देवनागरी पत्ता वाचणारा पोस्टमन आपल्याच गावात बसलेला असतो.