ऊब राखावी कशी?

रात्री शेताला पाणी देणाऱ्या बंधुभगिनींनो, हा पाठ तुमच्यासाठी आहे.

उन्हाला आपण सगळेच भितो. थंडीला मात्र कोणी मोजत नाही. पण आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडची थंडी मोठी कडक. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथे पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. नेमके याच दिवसांत गव्हाला अन् कांद्याला पाणी लागते. वीज तर पुष्कळदा रात्रीचीच असते.

एका रात्री आमच्या शेजारचा तरुण गव्हाचे दारे धरत होता. मध्येच पाट फुटला. तो बांधता बांधता गडी कमरेपर्यंत भिजला. "आता थोडंच राहिलंय," असे म्हणून तो तसाच वाऱ्यात काम करीत राहिला. पहाटे त्याचा भाऊ चहा घेऊन गेला. पाहतो तर हा बांधावर बसलेला. बोलणे अडखळत होते. हातात फावडे धरवत नव्हते. "आता थंडी वाजत नाही," असे तो म्हणाला. भावाला वाटले, बरे झाले. पण तेच तर वाईट लक्षण होते!

हे कसे, ते पाहू. दगडाला घोंगडी गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी दगड गारच लागेल. म्हणजे ऊब घोंगडीत नसते. ती आपल्या शरीरात, खाल्लेल्या अन्नापासून तयार होते. घोंगडी ती फक्त राखते. शरीराच्या आतली ऊब सुमारे ३७ अंश असते. ती कमी होऊ लागली की शरीर कुडकुडते. कुडकुडणे म्हणजे ऊब तयार करण्याची धडपड. ऊब ३५ अंशांच्या खाली गेली की जिवाला धोका असतो. आणखी खाली गेली म्हणजे कुडकुडणेही थांबते. माणूस गुंगतो, भलतेच बोलतो.

ही ऊब चोरणारे तीन चोर आहेत: पाणी, वारा आणि गार जमीन.

पहिला चोर पाणी. ओले कापड अंगाची ऊब झपाट्याने ओढून घेते. म्हणून शेतावर जाताना कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. भिजल्यास लगेच बदलावा. काम नंतर. पायांत गमबूट असावेत.

दुसरा चोर वारा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते आणि ती ऊब राखते. कानटोपी विसरू नये. बसायचे तर आडोशाला बसावे.

तिसरा चोर जमीन. नुसत्या मातीवर बसू नये. खाली कडबा किंवा पाचट जाड पसरावे, वर गोणपाट टाकावे.

आणि पोट रिकामे ठेवू नये. भाकरी, गूळ, शेंगदाणे जवळ असावेत.

आता त्या तरुणाचे ऐका. आम्ही धावत गेलो. कोणी म्हणाले, "थोडी दारू पाजा, गरम होईल." आम्ही साफ नको म्हटले. दारूने कातडीला ऊन वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते. त्याला अलगद उचलून गोठ्यात नेले. ओले कपडे काढले, अंग टिपले. डोके, छाती, पोट आधी घोंगडीत गुंडाळले. हातपाय चोळले नाहीत, आगीशीही नेले नाही. तो शुद्धीवर होता, घोट गिळत होता, म्हणून गोड कोमट चहा थोडा थोडा दिला. मग दवाखान्यात पोचवले. पोरगा वाचला.

अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. आणखी एक. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो; झोपेतच माणूस जातो.

रात्री एकट्याने जाऊ नका. सोबत असली म्हणजे आपले बोलणे अडखळले, हे दुसऱ्याला कळते. आपले आपल्याला ते कळत नाही, बरं का!

गहू एक दिवस उशिरा भिजला तरी चालेल. हा पाठ आज घरी मोठ्याने वाचून दाखवा.