फरशीच्या उंचीवरून

गृहस्थाश्रमी मनुष्याने रोज करावयाच्या म्हणून ज्या पाच यज्ञांची आपल्या धर्मशास्त्रकारांनी नोंद करून ठेवली, त्यांत भूतयज्ञाचाही समावेश आहे. स्वतः अन्नास हात लावण्यापूर्वी कुत्रा, कावळा, कृमिकीटक अशा, ज्यांचा घरावर कोणताही लेखी हक्क पोचत नाही त्यांचा वाटा बाजूस काढावा, असा तो दंडक होय. काकबळी आणि गोग्रास या रूपांनी तो अजून पुष्कळ मराठी घरांत सणावारी पाळला जातो. मात्र हा दंडक घालून देणाऱ्यांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली होती, ती ही की, घरातून जे सांडते, उरते किंवा बाहेर पडते ते कोणत्या तरी जीवाला पचण्याजोगेच असते. शिळी भाकरी, भाताची पेज, राख, शेण यांपलीकडे त्या घरातून बाहेर पडण्यासारखे होते तरी काय? आजच्या घराचा कारभार तसा राहिलेला नाही. फरशी पुसलेले पाणी, उंदरांसाठी कोपऱ्यात ठेवलेली वडी, रात्रभर धुमसणारे डासांचे कॉइल, कपाटातल्या डांबरगोळ्या यांपैकी एकही वस्तू कोणाच्या वाट्याला जावी अशी नाही, आणि तरीही ती कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला जातेच.

घराच्या स्वच्छतेविषयीचे सारे निर्णय जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर घेतले जातात, कारण घरधन्याचे आणि घरधनिणीचे नाक व डोळे त्या उंचीवर असतात. परंतु मांजर, कुत्रा आणि रांगते मूल यांचा संसार फरशीपासून हातभर अंतरात चालतो, जिथे धूळ बसते, फवाऱ्याचे थेंब उतरतात आणि पुसलेले पाणी वाळून त्याचा पातळ थर मागे राहतो. मूल तो थर हाताने गोळा करते आणि हात तोंडात घालते. मांजर याहूनही पुढचे. दिवसाचा बराचसा वेळ ते स्वतःला चाटण्यात घालवीत असल्यामुळे त्याच्या अंगावर जे बसले आणि पोटात जे गेले, यांत फारसा भेद उरत नाही.

आपल्याकडे स्वच्छतेला वास असावा लागतो, ही समजूत फार जुनी नाही. जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाने १८६५ च्या सुमारास जखमांवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग सुरू केला आणि शस्त्रक्रियेनंतर सडून मरणाऱ्या रोग्यांची संख्या घटविली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ उद्भवली तेव्हा सरकारने गटारे आणि घरे याच द्रवाने धुऊन काढण्याचा सपाटा लावला. तो बंदोबस्त लोकांस किती जाचक वाटला याची साक्ष पुण्याच्या इतिहासात आहेच. पण जाच ओसरला आणि वास मात्र उरला. त्याच कुळातील फिनाईल पुढे इस्पितळांतून, शाळांतून आणि कचेऱ्यांतून इतके मुरले की, आजही पाहुणे यावयाच्या आधी फरशीवरून फिनाईलचे फडके फिरले नाही तर घर पुसले असे कित्येकांना वाटत नाही. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून मिळणारी फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात, पांढऱ्यात पाइन तेल असते, आणि हल्लीच्या रंगीत, सुवासिक द्रवांत बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड असते. या तिन्हींशी माणसाचे कसेबसे जमते. मांजराचे जमत नाही.

हे न जमण्याचे कारण मोठे विलक्षण आहे. फिनॉलसारखे द्रव्य रक्तात शिरले म्हणजे आपले यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाची जोड देते. जोड मिळालेले द्रव्य पाण्यात विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. ही जोड देणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर मार्जारकुळात, म्हणजे घरच्या मनीपासून सिंहापर्यंत, निकामी झालेले आहे. त्याचा जनुक आहे, पण तो बंद पडलेल्या कचेरीच्या पाटीप्रमाणे नुसता नावाला. संशोधकांचा तर्क असा की, वनस्पतींतील विषारी द्रव्यांचा निचरा करण्यासाठी हे विकर उपयोगी पडते, आणि ज्या कुळाने लक्षावधी वर्षे केवळ मांसावर गुजराण केली त्याला त्याची गरजच न उरल्यामुळे ते गमावले तरी काही बिघडले नाही. मग अलीकडच्या शेदीडशे वर्षांत माणसाने फरशीवर फिनॉल ओतले आणि ते बिघडले. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी दयाबुद्धीने मांजराला चारणारे लोक आहेत. एक साधी गोळीही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करून त्याचा प्राण घेण्यास पुरेशी होते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. तेच औषध घरातल्या मांजराला चोपडले तर त्याला झटके येतात. एकाच घरात, एकाच गादीवर झोपणाऱ्या दोन प्राण्यांना एकच औषध लावणे यात निष्काळजीपणा कोणता, असे सामान्य माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. आणि म्हणूनच ही गोष्ट सांगून ठेवली पाहिजे.

मुक्या प्राण्यांची फिर्याद दप्तरी दाखल होत नाही, तरी त्यांची साक्ष माणसाच्या आधी होते. जपानातील क्युशू बेटावर मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथील मांजरे १९५० नंतरच्या काही वर्षांत लटपटू लागली, गरगर फिरू लागली, आणि काही तर समुद्रात पडून मेली. लोक त्यांना नाचरी मांजरे म्हणत. पुढे माणसांचे हातपाय तसेच वाकू लागले, आणि १ मे १९५६ रोजी तेथील चिस्सो कंपनीच्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अज्ञात व्याधीची वर्दी आरोग्य कचेरीस दिली. डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर तपास चालू ठेवला. कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून त्यांनी एका मांजराला घातले, ज्याला प्रयोगाच्या वहीत ४०० हा क्रमांक होता, आणि १९५९ च्या ऑक्टोबरात त्या मांजरालाही तीच लक्षणे झाली. कंपनीने निष्कर्ष दडपला आणि पुढील प्रयोगांस मनाई केली. सांडपाण्यातील पारा मेथिल रूपाने माशांत व माशांतून माणसांत जातो, हे जपानच्या सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये. होसोकावांनी १९७० साली, मरणापूर्वी काही महिने, रुग्णशय्येवरून आपली जबानी दिली. मांजरांची साक्ष त्यापूर्वी कित्येक वर्षे गावाच्या रस्त्यावर उघड्यावर झाली होती. तिची रुजवात घेण्याची तजवीज कोणी केली नव्हती, एवढेच.

स्वयंपाकघरात अशीच साक्ष पक्षी देतात. न चिकटणारा तवा रिकामाच मोठ्या आचेवर विसरला तर त्याच्यावरील लेपाचे विघटन होऊन जो वायू सुटतो त्याने माणसास फार तर ताप आल्यासारखे वाटते, पण शेजारच्या खोलीत टांगलेल्या पिंजऱ्यातील लव्हबर्ड काही मिनिटांत पडतात, कारण पक्ष्यांची श्वसनसंस्था प्रत्येक श्वासातून आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा निपटून घेते. (पिंजऱ्यात देशी पोपट असेल तर आधी तोच गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ते होऊ देत नाही. तव्याची गोष्ट नंतर.) बिडाचा तवा जड असतो, पहिले दोन डोसे त्यावर फाटतात, हे सर्व कबूल, पण त्याच्या धुराने पक्षी मरत नाहीत. डासांच्या कॉइलचा हिशेबही असाच पाहण्यासारखा आहे. चीन व मलेशियातील कॉइलींवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते तेवढे सोडण्यास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. डेंगीचे भय खोटे नव्हे, आणि डासांस अभय द्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु मच्छरदाणी, खिडकीची जाळी आणि आठवड्यातून एक दिवस पिंपे व कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करणे या उपायांनी बहुतेक काम होत असता, बाळाच्या खाटेखाली रात्रभर धूर करण्याचे प्रयोजन काय?

उंदरांच्या वड्यांविषयी मात्र इतके थोडक्यात बोलून भागणार नाही. त्यांत बहुधा ब्रोमाडायोलोन असते, जे रक्त गोठण्याची क्रिया थांबवते. परंतु ताबडतोब नव्हे. विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस हिंडत असतो, मंदावत असतो, आणि मंदावलेला उंदीर हा मांजराला, कुत्र्याला आणि गव्हाणी घुबडाला सहज सापडणारा उंदीर. एका घरापुरते ठेवलेले विष अशा रीतीने परिसरातील उंदरांच्या खऱ्या वैऱ्यांनाच मारते, आणि त्यांची जागा रिकामी झाली की उंदीर पुन्हा वाढतात. पिंजरा लावण्यात कटकट आहे, पकडलेल्या उंदराचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न सकाळी सकाळी घरात वादाचा होतो, पण कोणास मारावयाचे ते निदान आपल्या हुकमात राहते.

हे सर्व वाचून, दयाळू माणसाच्या घरी असले काही घडावयाचे नाही, असे कोणास वाटेल तर त्याने गिधाडांची हकिकत ऐकावी. आपल्याकडील शेतकरी लंगडणाऱ्या बैलाला वेदनाशामक टोचतो, ते त्याच्यावर माया असते म्हणून. १९९० नंतर डायक्लोफेनॅक हे औषध स्वस्त झाले आणि जनावरांना सर्रास दिले जाऊ लागले. बैल पुढे मेला, माळावर टाकला, गिधाडे उतरली, आणि त्या मांसातील अंशमात्र औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारांत एक उरली. कारण हुडकले गेले ते २००४ मध्ये, पाकिस्तानात झालेल्या तपासात. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाची मनाई केली, आणि गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध पुढे आले. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला आपल्या मृतांच्या व्यवस्थेसाठी गिधाडांऐवजी सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचा आधार घ्यावा लागला, तो या एका इंजेक्शनापायी. त्या साखळीत क्रूर म्हणावे असे कोणीही नव्हते. माया होती, औषधाचा पुढचा प्रवास ठाऊक नव्हता.

विषाची धास्ती घेतलेले लोक मग दुसऱ्या टोकास जातात आणि जे झाडापासून आले ते निर्धोक, असे फर्मान घरात काढतात. कण्हेरही झाडच आहे, आणि तिचे पान हृदयाची गती बिघडवते. निलगिरीचे तेल, टी ट्री तेल यांची झळ मांजराला फिनॉलइतकीच लागते, कारण यकृताला द्रव्य कारखान्यातून आले की रानातून, याचा मुलाहिजा नसतो. देवघरातला कापूर लहान मुलाने गिळला तर झटके येतात. कांदा व लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर बेततो. तेव्हा प्रसाद वाटतानाही थोडे तारतम्य असावे. रोजच्या फरशीला साधे पाणी, धुतलेले फडके आणि क्वचित साबणाचा फेस पुरतो, एवढेच माझ्या मते या विषयावर ठामपणे सांगण्यासारखे आहे.

तरी घरोघरी हे अमलात येणे सोपे नाही. आजींना वासाशिवाय स्वच्छता पटत नाही, सुनेने कुठे तरी वाचलेले असते, नातीने मांजर आणलेले असते, आणि या तिघींच्या वादात जिचे म्हणणे कोणी विचारीत नाही ती घरकामाला येणारी मावशी रोज पाच-सात घरांच्या बादल्यांत मनगटापर्यंत हात बुडवीत असते. बाटलीवर एका बादलीस एक झाकण लिहिलेले असते आणि हात सैल असल्यामुळे तीन पडतात. तिच्या बोटांच्या भेगा मांजराच्या पंजाइतक्याच त्या द्रवाच्या वाटेत आहेत. किंबहुना अधिक, कारण मांजर एका घरातच फिरते. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो, हे तिला सांगावयाचे काम ज्या घराने त्या दोन्ही वस्तू विकत आणल्या त्याचे आहे.

आणि चुकून काही घडलेच तर मांजराचे पंजे व अंग कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवावे, त्याला चाटू देऊ नये, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण जे गिळताना अन्ननलिका भाजते ते ओकतानाही पुन्हा भाजते. मग त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे; मुंबईकरांसाठी परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहेच. बरोबर बाटली घ्यावी, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तीत काय होते हाच असतो. अडचण एवढीच की, दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून घेतलेले सुटे फिनाईल बहुधा पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले असते, आणि तिच्यावर चिठ्ठी असते ती पाण्याची.