रेडिओच्या लहरी आणि बेटाचे स्वराज्य

१५ ऑगस्ट १९६७ या दिवशी भारताने स्वातंत्र्याचा विसावा वर्धापनदिन साजरा केला. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये सागरी नभोवाणीविषयक नवा कायदा अमलात आला. किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून विनापरवाना गाणी आणि जाहिराती प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रांची रसद तोडणे, हा त्याचा हेतू. पुढे १ सप्टेंबरपासून तो आयरिश समुद्रातील मॅन बेटासही लागू करण्यात आला. आणि तोही बेटाच्या निर्वाचित सभागृहाने नाकारल्यानंतर! प्रसंग वरकरणी किरकोळ. परंतु स्वराज्याच्या मर्यादा कोण ठरवितो, या प्रश्नाची कसोटी त्यात लागली.

मॅन बेट जेमतेम ५७२ चौरस किलोमीटरचे. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही; वेस्टमिन्स्टरमध्ये त्याचा एकही खासदार बसत नाही. टिनवाल्ड हे त्याचे विधिमंडळ हजार वर्षांहून जुने, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. अंतर्गत कारभार बेटाच्या हाती, तर संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनच्या हाती, अशी ही वाटणी आहे.

१९६४ च्या ईस्टरमध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू झाले आणि जुलैत त्याचे एक जहाज मॅन बेटाच्या रॅमझी उपसागरात येऊन नांगरले. बीबीसीवर जे संगीत मोजूनमापून मिळे, ते येथे दिवसभर ऐकू येई. केसकरांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा आपल्याकडील श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला होता. श्रोत्यांची ही तहान जगात सर्वत्र सारखीच!

लंडनची बाजू सर्वस्वी पोकळ होती, असे म्हणता येणार नाही. अशी केंद्रे परवान्याविना ध्वनिलहरी वापरीत आणि त्यामुळे इतरांच्या प्रक्षेपणात व्यत्यय येण्याचा धोका असे. शिवाय त्यांना पायबंद घालण्याचा करार युरोपीय राष्ट्रांनी जानेवारी १९६५ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे केला होता. बेटाला वगळले असते, तर तेथूनच जहाजाला अन्नपाणी मिळत राहिले असते, आणि कायद्याला भगदाड पडले असते.

परंतु बेटाचेही काही म्हणणे होते. पर्यटनावर ज्याची भिस्त, त्याला कॅरोलाइनमुळे दूरवर प्रसिद्धी मिळत होती. बेटाचे स्वतःचे ‘मँक्स रेडिओ’ १९६४ मध्ये रीतसर परवाना घेऊन सुरू झाले होते. पण त्याच्या प्रक्षेपणशक्तीवर लंडनचे बंधन होते. म्हणजे स्वतःचा आवाज मोठा करावयाचा नाही, आणि दारात आलेला परका आवाजही बंद करावयाचा! कायदा नाकारण्यामागे गाण्यांच्या आवडीपेक्षा हा सल अधिक होता. लंडनने मात्र राजाज्ञा काढून प्रश्न निकालात काढला.

या संघर्षाचे पडसाद उमटत राहिले. किल्ब्रँडन आयोगाने १९७३ च्या अहवालात अशा बेटांशी असलेल्या संबंधांचा ऊहापोह केला. अंतिम अधिकार ब्रिटनकडेच आहे, हे आयोगाने नाकारले नाही. खुद्द ब्रिटनमध्ये त्याच वर्षी परवानाधारक व्यापारी नभोवाणी सुरू झाली. ज्या गोष्टीची मागणी श्रोते करीत होते, ती अखेर कायद्याच्या चौकटीत मान्य झाली. कॅरोलाइनची जहाजे मार्च १९६८ मध्येच ओढून नेली गेली होती. ती मात्र कायद्याने नव्हे, थकलेल्या देण्यापायी. पुढे २०१७ मध्ये त्याच कॅरोलाइनला रीतसर परवाना मिळाला.

ध्वनिलहरींना सीमा नसते, म्हणून त्यांचे नियमन एका बेटाने एकट्याने करणे शक्य नाही, हे खरे. परंतु सामाईक नियम संमतीने करता येतो, आणि हुकुमानेही. संमतीचा मार्ग लांबचा असतो. चर्चा करावी लागते, मोबदल्यात काही द्यावे लागते. मँक्स रेडिओची शक्ती वाढविण्याचे आश्वासन पुढे करून बेटाचे मन वळविणे अशक्य नव्हते. ते न करता हुकूम काढणे सोपे वाटले. पण जे स्वराज्य ‘होय’ म्हणेपर्यंतच मानले जाते आणि ‘नाही’ म्हणताच संपते, त्याला स्वराज्य कसे म्हणावे?