खरेदीआधी (भाग १४) : मुठीत मावणारं पिस्तूल

गेल्या खेपेला छतावरच्या सोलरचा हिशेब मांडला आणि पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाक्यांकडे वळू असं म्हटलं होतं. टाक्या थांबतील. मधल्या काळात आमचे साडू घरी येऊन गेले.

साडूंचा हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. शनिवारी मजुरांचा पगार, म्हणून शुक्रवारी बँकेतून रोकड. महिन्याभरापूर्वी मोटारसायकलवरची दोन पोरं आपल्या मागोमाग सुपेल्यापर्यंत आली, असं त्यांना वाटलं. झालं काहीच नाही, पण मनातून ते गेलं नाही. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "भाऊ, एक लहानसं पिस्तूल घेऊन टाकतो म्हणतो. खिशात मावलं पाहिजे, बस." आणि मोबाइलवर ग्लॉक १९ चं चित्र समोर धरलं.

मी आयुष्यभर भिलाईच्या रेल मिलमध्ये तपासणीचं काम केलं. रूळ कितीही लखलखीत दिसो, आतून तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, ही सवय हाडात गेलेली. म्हटलं, घ्या, पण आधी तपासू.

ग्लॉकचं चित्र तिथंच संपलं. ते ९ मिलीमीटरचं. आपल्याकडे ९ मिलीमीटर हा निषिद्ध बोअर. लष्कराची, पोलिसांची काडतुसं ज्यांत चालतात ती हत्यारं साध्या नागरिकाला मिळत नाहीत. शिवाय परदेशी हत्यार विकत आणण्याची वाट सामान्य लायसन्सधारकासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. नामवंत नेमबाजांना सवलत आहे. साडू नेमबाज नाहीत. त्याआधी आलेली जुनी वेब्ली आणि ब्राउनिंगची पिस्तुलं लायसन्सवाल्यांच्या हातून हातात फिरतात आणि त्यांना लाखांत किंमत येते. ती किंमत हत्याराची कमी आणि दुर्मीळतेची जास्त.

उरतो मुख्यतः बत्तीस बोअर. त्यात सरकारी आयुध कारखान्यांचं 'अशनी' हे पिस्तूल आहे. (संस्कृतात अशनि म्हणजे वज्र. मराठीत मात्र आपण आभाळातून पडणाऱ्या दगडाला अशनी म्हणतो, तेव्हा नाव ठेवणारा मराठी नसावा.) बाकी मुख्यतः रिव्हॉल्व्हर. २०१४ साली कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' काढलं. २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. २०२१ मध्ये आयुध कारखाने मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या कानपूरच्या एका कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं. त्याची नळी ७६ मिलीमीटर, वजन ७०० ग्रॅम, चकरी बाजूला उघडणारी, आणि ५० मीटरपर्यंत मारा होतो असा कंपनीचा दावा. खाजगीत वेब्लीच्या नावानं उत्तर प्रदेशातल्या संडीला इथं तयार होणारं रिव्हॉल्व्हर आहे. यादी बहुतेक एवढीच. ज्यांनी गाडी घेताना बारा शोरूम पालथी घातली, त्यांची इथं निराशा होते.

पैशांचं एका वाक्यात सांगतो. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे सरकारनं त्यांना धूम्रपानाच्या पाइपच्या रांगेत नेऊन बसवलं.

आता मूळ प्रश्न, खिशात मावण्याचा. लोकांना वाटतं, लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल. स्कूटी जशी बुलेटपेक्षा सोपी. इथं नेमकं उलटं आहे.

नेम धरतो तेव्हा मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी एका रेषेत आणतो. खिशातल्या पिस्तुलात या दोघांतलं अंतर सुमारे १२ सेंटीमीटर. हात कापून माशी एक मिलीमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी आठ सेंटीमीटर चुकते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात हेच अंतर ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतं. तिथं तेवढ्याच थरथरीला तीन सेंटीमीटरची चूक. कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढून पाहा, पटेल. साडूंना मी तसंच करून दाखवलं, त्यांच्याच कारखान्याच्या चलनाच्या पाठीमागे.

मग वजन. काडतूस तेच आणि हत्यार हलकं, तर धक्का हातालाच. अर्ध्या किलोचं निर्भीक पर्समध्ये बरं, पण सातशे ग्रॅमच्या प्रबलपेक्षा ते हातात जास्त उसळणार, हे सांगायला धातुशास्त्र लागत नाही. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता सरळ चाप दाबला, तर चकरी फिरवून घोडा उचलायचं सगळं काम एका बोटानं करायचं. सातशे ग्रॅमची वस्तू हातात, आणि तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्या बोटात. नेम हलणारच. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव होता. हत्यारही नेमासाठीच घडवलेलं, लपवण्यासाठी नव्हे. तुम्ही वर्षातून किती गोळ्या झाडणार? लायसन्सच्या पुस्तकात काडतुसांचाही आकडा लिहिलेला असतो, आणि गच्चीवर सराव करता येत नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा वाद दुकानदारापुढे रंगतो. पिस्तूल चपटं, कमरेला दिसत नाही, हा त्याचा गुण. पण नवशिक्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगेन, आणि कारण एका प्रसंगात दिसलं. साडूंबरोबर एका शस्त्रदुकानात गेलो होतो. दुकानदारानं पिस्तुलाची मॅगझिन काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आता हे रिकामं ना?" साडू म्हणाले, हो. दुकानदारानं स्लाइड मागे ओढली आणि आतून पितळेचं एक काडतूस टणकन काचेवर पडलं. सरावासाठीचं, बिनदारूचं होतं. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हा खेळ दाखवत असावा. मॅगझिन काढली तरी नळीत एक राहू शकतं. घरात हत्यार साफ करताना झालेल्या कितीतरी अपघातांची गोष्ट या एका काडतुसाची असते. रिव्हॉल्व्हरची चकरी उघडली की सहाही घरं डोळ्यांसमोर. काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप दाबला की पुढचं घर येतं. पिस्तुलात ते फुसकं आधी हातानं बाहेर काढावं लागतं, आणि तेव्हा हात शुद्धीवर असावा लागतो.

काडतुसांबद्दल एक तळटीप. दोन्ही 'बत्तीस' म्हणवतात, पण पिस्तुलाचं आणि रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं. बुडावर 'के एफ' कोरलेलं दिसलं तर ते खडकीचं. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा.

आणि लायसन्स. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. वय २१ पूर्ण, दुर्गच्या कलेक्टर कचेरीत अर्ज, ठाण्यातून चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय. कारण पटलं नाही तर नकार. 'दोन पोरं मागे आली असं वाटलं' हे कारण अर्जात लिहून पाहा, म्हणजे ते किती किरकोळ दिसतं ते कळेल. २०१९ च्या दुरुस्तीनं लायसन्सची मुदत तीनची पाच वर्षं केली, आणि माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं. त्याच दुरुस्तीत लग्नावरातीतल्या हवेतल्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडच्या काही वराती मला आठवतात. असो.

लायसन्स मिळाल्यावरचा जाच कोणी सांगत नाही. ते राज्यापुरतं असेल तर राजनांदगावच्या पुढे बाघ नदी ओलांडली की तुम्ही बेकायदा. आणि आम्हा भिलाईतल्या मराठी माणसांचं अर्धं गणगोत गोंदिया-नागपूरला! साखरपुड्याला निघताना पिस्तूल घरी ठेवायचं, म्हणजे रिकाम्या घरात. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचं फर्मान येतं. खरं तर कोणी जमा करावं हे छाननी समितीनं माणूस बघून ठरवायचं असतं. नोव्हेंबर २०२३ ला आमच्या छत्तीसगढची विधानसभा, पाठोपाठ २०२४ ला लोकसभा. ज्या दिवसांत गावात सगळ्यात जास्त धामधूम, त्याच दिवसांत तुमचं पिस्तूल पोलिसांच्या कपाटात असू शकतं.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहेच. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत सापडेल. पण तो धोक्याच्या प्रमाणात. पैशांची पिशवी हिसकावून पाठ फिरवून पळणाऱ्या पोराला गोळी घातलीत, तर पुढची काही वर्षं पिशवी वाचल्याचा आनंद कोर्टाच्या पायऱ्यांवर साजरा करावा लागेल. मी साडूंना विचारलं, शुक्रवारी रोकड काढायचीच कशाला? मजुरांची खाती उघडा. ते म्हणाले, "अर्ध्यांची आहेत." मग उरलेल्या अर्ध्यांची उघडा. हा पर्याय दुकानात मिळत नाही, म्हणून कोणाला सुचत नाही.

नेमबाजीची हौसच असेल, आणि मला वाटतं साडूंना थोडी होतीच, तर एअर पिस्तूल आहे. ०.१७७ बोअरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीचं असेल तर लायसन्स लागत नाही, ओळखपत्रावर मिळतं. १० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं. ते एकदा भेदून पाहा, मग पिस्तूल 'चालवता येतं' म्हणायचं धाडस होतं का बघा.

साडूंच्या घरी बसून इथवर ठरतच आलं होतं, तेवढ्यात साडूंचे वडील, आमचे अण्णा, आतल्या खोलीतून म्हणाले, "अन् माझं काय करता मग?"

अण्णा ७८ वर्षांचे. त्यांच्याकडे १९९६ पासून बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते. नियम असा, की लायसन्सधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, की ते वारसाच्या नावे करायला अर्ज करता येतो. चौकशी सगळी तीच, पण नवं हत्यार घ्यावं लागत नाही. साडूंचे डोळे चमकले. मी म्हटलं, आधी बघू तर द्या.

अण्णांनी गोदरेजचं कपाट उघडलं. रिव्हॉल्व्हर मऊ फडक्यात, काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. चकरी उघडून सहा घरं दाखवली, मग हातात दिलं. नळीत तेलाचा पातळ हात, गंजाचा डाग नाही. लायसन्सचं पुस्तक मात्र विटलेलं. पहिल्या पानांवर दुर्ग, मध्य प्रदेश असा शिक्का, आणि २००० नंतरच्या नूतनीकरणांवर छत्तीसगढ.

"अण्णा, किती वेळा चालवलं?" साडूंनी विचारलं.

"घेतलं तेव्हा दुकानदारानं दोन बार करून दाखवले होते," अण्णा म्हणाले. "ते त्यानंच केले."

साडूंनी रिव्हॉल्व्हर परत फडक्यात गुंडाळायला मदत केली. सोमवारी ते बँकेत गेले, मजुरांच्या खात्यांचे फॉर्म आणायला. वारसाचा अर्जही आणलाय म्हणे, पण अजून कोराच आहे.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाक्या, नक्की.