मामूंची पाने आणि चिमट्याचे भिंग

काटोलहून मामू आले की पिशवीत संत्री असतात, हे आमच्या घरात ठरलेलेच. या खेपेला मात्र नुसती पाने निघाली. वरून काळी, हाताला चिकट, चुलीची काजळी फासावी तशी. आपल्याकडचे बागायतदार याला कोळशी म्हणतात. मामूंनी बुरशी समजून एकदा बुरशीनाशक मारले होते. पैसे गेले, काळेपणा तसाच राहिला. आता दुसरी फवारणी करण्याआधी त्यांना खात्री हवी होती.

ओळखीच्या एका कृषी पदवीधराला आम्ही मोबाइलवर फोटो पाठवला. उत्तर आले, “पानाच्या खालच्या बाजूचा, अगदी जवळून आणि स्पष्ट फोटो पाठवा.” पान उलटले तर बारीक काळे ठिपके दिसत होते, एक-दीड मिलिमीटरचे. मोबाइल जवळ नेला की सगळे धूसर.

आमच्या मुलीकडे शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेले चिमट्याचे छोटे भिंग होते, मोबाइलला अडकवायचे. नंदनवनच्या आमच्या गच्चीवर त्या संध्याकाळी आम्ही चाळीसेक फोटो काढले. एकही धड नाही. मामू म्हणाले, “पोरी, हे फोटू होय का धुकं?”

पहिली चूक भिंगातच निघाली. या स्वस्त भिंगात बहुधा दोन भाग एकमेकांवर फिरकीने बसवलेले असतात. वरचा भाग रुंद दृश्यासाठी, खालचा जवळच्या वस्तूसाठी. वरचा भाग फिरवून काढायचा असतो, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. दुसरी चूक मोबाइलच्या कव्हरची. कव्हरमुळे भिंग कॅमेऱ्यापासून दूर आणि तिरपे बसत होते. शिवाय मागे तीन कॅमेरे, त्यातला नेमका कोणता चालू आहे ते बोट ठेवून पाहावे लागते. वस्तू जवळ आली की काही मोबाइल आपोआप दुसऱ्याच कॅमेऱ्यावर उडी मारतात. सेटिंगमध्ये ते बंद करावे.

पण खरी गोम अंतराची आहे. एरवी आपण पडद्यावर बोट टेकवतो आणि मोबाइल फोकस साधतो. भिंग लावल्यावर हे फारसे चालत नाही. फोकस एका ठरावीक अंतरावरच मिळतो, आणि ते अंतर भिंग ठरवते. डब्यावर छापलेल्या ‘पंधरापट’वर जाऊ नये. अंतर घरीच काढता येते. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरून मागेपुढे करा. बाहेरच्या इमारतीचे उलटे, स्वच्छ चित्र भिंतीवर उमटले की भिंग ते भिंत अंतर मोजा. आमचे साडेसहा सेंटीमीटर भरले. पान तेवढ्यावर, किंवा त्याहून किंचित जवळ हवे. (उन्हात हा प्रयोग मुलांना करू देऊ नका. कागद पेटतो, आणि भिंगातून सूर्याकडे तर कधीच पाहू नये.)

त्यातही स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. श्वास घेतला तरी हात त्याबाहेर जातो. म्हणून मोबाइल हातात धरायचाच नाही. आम्ही दोन स्टीलचे डबे उपडे ठेवले, त्यांच्यावर मोबाइल आडवा टेकवला, कॅमेरा मधल्या फटीवर. खाली पुस्तके रचली आणि सर्वात वर पुठ्ठ्यावर चिकटवलेले पान. पान सपाट हवे, नाहीतर एक कडा दिसते आणि दुसरी विरघळते. मग लग्नपत्रिकांचे कागद एकेक करून पानाखाली सरकवत गेलो. चौथ्या पत्रिकेला ठिपके अचानक लख्ख झाले. बटण दाबतानाही मोबाइल हलतो, म्हणून तीन सेकंदांचा टायमर. भिंगाच्या कडेला चित्र पसरतेच, तेव्हा हवा तो ठिपका मधोमध घ्यावा.

उजेडासाठी असरनंतरचे तिरपे ऊन आणि समोरून एक पांढरा कागद. भर दुपारी पान चकाकते, भिंगाचीच सावलीही पडते.

फोटोत काय दिसले? चकचकीत काळे, लांबट गोल जीव, अंगावर काटे आणि भोवती पांढऱ्या मेणाची झालर. उत्तर लगेच आले: काळ्या माशीची पिल्ले. ती पानातला रस शोषतात, गोड चिकटा सोडतात आणि काळी बुरशी त्या चिकट्यावर वाढते. म्हणजे मामूंनी फवारले ते चोर सोडून त्याच्या सावलीवर. आणि तेही वरून, तर पिल्ले पानाखाली बसलेली.

दुसरी शंकाही मिटली. संत्र्यावर सिट्रस सिला नावाची कीड येते. तिची पिल्ले पिवळसर असतात आणि मोठी झालेली कीड शेपटीकडून उचलून, तिरपी बसते. तिच्यामुळे ग्रीनिंग हा झाडाचा घातक रोग पसरतो. मामूंना रात्रभर झोप नव्हती ती याच धास्तीने. या फोटोत तसे काही नव्हते. तरीही नव्या पालवीची पाने अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत प्रत्यक्ष दाखवावीत, असे ठरले.

जाताना मामू भिंग मागून घेऊन गेले. परवा त्यांचा पहिला फोटो आला. पूर्ण धूसर. मुलीने फोन करून विचारले, “मामूनाना, कव्हर काढलं होतं का?”